एका संगणकात दोन प्रणाली: शाळांतल्या जुन्या संगणकांना ‘ड्युअल बूट’ तारेल का?

शाळेच्या संगणक कक्षाचे कुलूप निघते. एकेका यंत्रासमोर चार-चार मुले दाटीवाटीने बसतात. बटण दाबल्यावर पडदा उजळायला पाच मिनिटे लागतात आणि उजळल्यावर आधी दिसते ती सूचना: या संगणकावरील विंडोज १० चा आधार संपला आहे. मुले ती सूचना बंद करतात, पेंट उघडतात आणि तास सुरू होतो.

अनेक शाळांत आज हेच चित्र आहे. यंत्र चालते आहे, पण त्यावरची प्रणाली जुनी झाली आहे. नवे संगणक घ्यायला निधी नाही. चालू यंत्राचे निर्लेखन करायचे तर प्रस्ताव, परवानगी आणि डेड स्टॉक रजिस्टरची कसरत आलीच. अशा वेळी एक मधला मार्ग पुन्हा चर्चेत येतो. संगणकात विंडोज आहे तसे ठेवायचे आणि त्याच हार्ड डिस्कवर लिनक्सही बसवायचे. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात. सरावाच्या हाताला एका यंत्रासाठी एक दुपार पुरते. पण बसवलेली दुसरी प्रणाली पुढे वापरात राहते की नाही, हे तंत्रापेक्षा शाळेच्या वेळापत्रकावर जास्त अवलंबून असते. कसे, ते समजून घेऊ.

थोडक्यात

• मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट थांबवली.
• बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स मात्र चालू शकते.
• ड्युअल बूटमध्ये दोन्ही प्रणाली एकाच यंत्रात राहतात, पण एका वेळी एकच चालते.
• लिनक्स बसवल्याने शेजारचे विंडोज सुरक्षित होत नाही. कोणते काम कुठे करायचे, हे शाळेने ठरवावे लागते.

प्रश्न आत्ताच का आला?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले. दहा वर्षांनी त्याचा आधार संपला. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, टायपिंग होते, प्रिंट निघते. फक्त प्रणालीत नवी पळवाट सापडली तर ती बुजवणारे अपडेट आता येत नाही. ज्या यंत्रावर शाळा विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक भरते, त्या यंत्राबाबत हा धोका किरकोळ नाही.

मग विंडोज ११ का घेऊ नये? अडचण यंत्राची आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. त्याशिवाय ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणारा प्रोसेसर हवा. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर या यादीत आहेत. २०१२ ते २०१६ या काळात घेतलेले शाळेचे संगणक बहुधा इथेच अडतात.

मायक्रोसॉफ्टने शिक्षण संस्थांसाठी एक सवलतही ठेवली आहे. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी एका यंत्रामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा दर आहे. रक्कम मोठी नाही. पण ती सामूहिक परवाना योजनेतून घ्यावी लागते आणि तीन वर्षांनी प्रश्न पुन्हा तिथेच येतो. दहा यंत्रांच्या कक्षासाठी ही खरेदी कोणी करायची, दरवर्षी आठवण कोणी ठेवायची, हे ठरलेले नसेल तर स्वस्त सवलतही कागदावरच राहते.

ड्युअल बूट म्हणजे नेमके काय?

दोन सत्रांत भरणारी शाळा डोळ्यांसमोर आणा. इमारत एकच, बाके तीच, फळा तोच. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. मुख्याध्यापक वेगळे, हजेरी वेगळी, कपाटे वेगळी. दोन्ही सत्रे एकाच वेळी भरत नाहीत. एक सुटल्याशिवाय दुसरे बसत नाही.

ड्युअल बूटचा संगणक असाच असतो. प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, पडदा सगळे एकच. हार्ड डिस्कचे मात्र भाग पाडलेले असतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. एका भागात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचे छोटे सॉफ्टवेअर आधी जागे होते. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. ते पुढचे काम ‘बूटलोडर’कडे सोपवते. लिनक्सबरोबर बहुतेकदा ‘ग्रब’ नावाचा बूटलोडर येतो. तो पडद्यावर एक साधी यादी दाखवतो: लिनक्स की विंडोज? बाणाच्या कळीने निवडायचे आणि एंटर दाबायचे. काही सेकंदांत कोणीच काही निवडले नाही, तर यादीत आधीच ठरवून ठेवलेली प्रणाली सुरू होते.

ही ‘आधीच ठरवलेली’ प्रणाली कोणती ठेवायची, हा निर्णय दिसतो तितका लहान नाही. घाईत असलेला माणूस निवड करत नाही. जे समोर येते ते वापरतो. यादीत विंडोज पहिले ठेवले, तर वर्षभर विंडोजच वापरले जाण्याची शक्यता जास्त.

दुसरे पर्याय कोणते?

दोन प्रणाली एका यंत्रावर आणण्याचे आणखी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ‘व्हर्च्युअल मशीन’चा. विंडोज चालू असतानाच एका खिडकीत लिनक्स चालवायचे, किंवा उलट. एकाच वर्गात मधे पडदा लावून दोन इयत्ता शिकवण्यासारखे. सोय मोठी, पण रॅम दोघांत वाटली जाते. ८ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर ठीक. ४ जीबीच्या यंत्रावर दोन्ही प्रणाली रखडतात.

दुसरा मार्ग ‘लाइव्ह यूएसबी’चा. पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्यायचे आणि संगणक थेट त्यावरून सुरू करायचा. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. पेन ड्राइव्ह काढला की यंत्र पूर्ववत. वेग कमी असतो आणि केलेले काम सहसा जपून राहत नाही, म्हणून रोजच्या तासासाठी हा पर्याय गैरसोयीचा. मात्र आपल्या यंत्रावर वायफाय, आवाज, प्रिंटर लिनक्समध्ये चालतात का, हे तपासायला याच्याइतका सुरक्षित उपाय नाही. ड्युअल बूट करण्याआधीची पहिली पायरी हीच असावी.

दोन कशाला? थेट लिनक्सच का नको?

ज्या कक्षात मुले फक्त टायपिंग, चित्रे, ब्राउझर आणि थोडे कोडिंग करतात, तिथे थेट लिनक्सच बसवणे सोपे पडते. एकच प्रणाली असली की बिघाडही कमी. पण शाळेत एवढेच काम नसते.

यूडायस प्लस, सरल, शालार्थ ही कामे संकेतस्थळांवर होतात. त्यांच्यासाठी मुख्यतः चांगला ब्राउझर लागतो. अडते ते कार्यालयातल्या जुन्या सॉफ्टवेअरपाशी: एखादा निकालपत्रक बनवणारा प्रोग्रॅम, जुन्या मराठी फॉन्टमधले दाखले, मॅक्रो भरलेली एक्सेल फाइल, शैक्षणिक सीडी. यातले बरेच काही फक्त विंडोजवर चालते. ते एका दिवसात सोडता येत नाही. ड्युअल बूटचा खरा उपयोग इथे आहे. नव्याची सवय होईपर्यंत जुने हाताशी राहते.

मुलांसाठीही एक फायदा आहे. ज्याने एकच पडदा पाहिला आहे, त्याला ‘स्टार्ट’चे बटण म्हणजेच संगणक वाटतो. दोन प्रणाली हाताळलेल्या मुलाला कळते की फाइल, फोल्डर, सेव्ह, प्रिंट या कल्पना सगळीकडे त्याच असतात. फक्त बटणांच्या जागा बदलतात. पुढे कॉलेजात किंवा नोकरीत तिसरीच प्रणाली समोर आली तरी ते अडत नाही. हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो, हे त्याला त्याच तासाला सांगता येते.

भारतात हे आधी कुठे झाले?

कल्पना नवी नाही. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली होत्या. लिनक्ससाठी पुढे सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली वापरली गेली. उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपमध्येही विंडोजशेजारी उबुंटू लिनक्स होते.

केरळची गोष्ट वेगळी आहे आणि शाळांसाठी जास्त उपयोगाची. तिथे ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. सुरुवातीचा अभ्यासक्रम विंडोजवर होता. मग काही काळ दोन्ही प्रणाली शाळांत शेजारी शेजारी नांदल्या. त्यानंतर दहावीची आयटी परीक्षाच मुक्त सॉफ्टवेअरवर आली. या प्रकल्पातून २०१७ मध्ये ‘काइट’ ही सरकारी कंपनी उभी राहिली. शाळांसाठी ती स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते, ज्यात मल्याळम टायपिंगपासून जिओजेब्रासारख्या गणिताच्या साधनांपर्यंत सगळे आधीच भरलेले असते. २०१९ मध्ये उबुंटूवर आधारित नवी आवृत्ती आणताना काइटने सांगितले, की दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर ती वापरली जाईल आणि परवान्यांपोटी सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील.

आकडा डोळ्यांत भरतो, पण त्यामागचे काम जास्त महत्त्वाचे. केरळने प्रणाली बदलली तेव्हा पाठ्यपुस्तक बदलले, शिक्षकांचे प्रशिक्षण घेतले आणि परीक्षाही बदलली. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळाशाळांत उभे केले. त्यांतल्या मुलांना अॅनिमेशन, मराठीऐवजी अर्थातच मल्याळम टंकलेखन, हार्डवेअर अशा गोष्टी शिकवल्या जातात. लिनक्स तिथे ‘दुसरा पर्याय’ म्हणून पडून राहिले नाही, कारण तासही त्यावरच होता आणि गुणही त्यावरच.

रायगडमधील खैरातचा धडा

महाराष्ट्राचाही या इतिहासाशी एक धागा जुळतो. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत झाला. पहिली ते चौथीच्या मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे ‘एक्सओ’ लॅपटॉप आले. त्यात लिनक्सवर चालणारी ‘शुगर’ नावाची, खास मुलांसाठी बनवलेली रचना होती.

मे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि या प्रकल्पाने एक्सओवर विंडोज एक्सपीही देण्याची घोषणा केली. एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली ठेवण्याचीही योजना होती. अडचण जागेची होती. लॅपटॉपची अंतर्गत साठवण अवघी १ जीबी. त्यामुळे विंडोजसाठी वेगळे मेमरी कार्ड लागणार होते. वाद मात्र जागेपुरता राहिला नाही. प्रकल्पाचे एक प्रमुख वॉल्टर बेंडर त्याआधीच, एप्रिलमध्ये बाहेर पडले होते. त्यांनी ‘शुगर लॅब्ज’ सुरू करून शुगरचे काम स्वतंत्रपणे पुढे नेले.

तेव्हाचा प्रश्न आजही तोच आहे. मुलांना बाजारात चालणारी प्रणाली शिकवायची, की उघडून पाहता येईल, बदलता येईल अशी? ड्युअल बूट या वादात बाजू घेत नाही. दोन्ही गोष्टी बाकावर ठेवते. त्यातून काय उचलायचे, ते शाळेने ठरवायचे.

महाराष्ट्रातल्या शाळेला आधार कशाचा?

देशाच्या २०१२ च्या शालेय आयसीटी धोरणातच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याची भूमिका आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठीही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण आले. म्हणजे शाळेने लिनक्स बसवणे धोरणाला धरूनच आहे.

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि वाणिज्य शाखेसाठी ‘ग्नूखाता’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आले आहे. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि लिनक्सवर चालतात. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या शाळेत ड्युअल बूटला अभ्यासक्रमातूनच निमित्त मिळते.

शिकायचे कुठे, याचेही उत्तर जवळच आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरवर छोटे दृक्-श्राव्य पाठ तयार केले आहेत. त्यांतले बरेच मराठीतही आहेत. एका खिडकीत पाठ लावायचा, दुसऱ्या खिडकीत तसेच करून पाहायचे, अशी त्यांची पद्धत. इंग्रजीची धास्ती असलेल्या शिक्षकालाही ती झेपते.

अडते कुठे?

ड्युअल बूट केलेल्या कक्षात पहिल्या महिन्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. त्यांची कारणे माहीत असली तर घबराट होत नाही.

*घड्याळ साडेपाच तास चुकते.* हा प्रकार भारतात हमखास दिसतो. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज ‘स्थानिक वेळ’ समजते. लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून तिच्यात साडेपाच तास मिळवते. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेल्यावर सकाळचे अकरा वाजता पडद्यावर पहाटेचे साडेपाच दिसू शकतात. यंत्र बिघडलेले नसते. लिनक्समध्ये घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची एकदा सूचना दिली की प्रश्न मिटतो.

*फाइल दिसते, पण बदलता येत नाही.* विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. शटडाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. तिच्या ताब्यातली डिस्क मग लिनक्स फक्त वाचायला देते. सकाळच्या सत्राने कपाटाची किल्ली घरी नेल्यासारखे. ही सोय विंडोजमधून बंद करून ठेवावी.

*मराठी अक्षरांचा कचरा होतो.* जुने दाखले आणि प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हे दिसतात. दोष लिनक्सचा नाही. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तशीच दिसेल. उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. नवे टायपिंग युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर केले तर दोन्ही प्रणालींत काम अडत नाही. इनस्क्रिप्टची कळांची मांडणी दोन्हीकडे सारखीच असते. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट लिनक्समध्ये नसतो. तिथे ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ हे देवनागरी फॉन्ट मिळतात. त्यामुळे पानाची मांडणी थोडी हलते. छापायची फाइल पीडीएफ करून ठेवली की हाही प्रश्न राहत नाही.

*प्रिंटर ओळखत नाही.* बरेच प्रिंटर लिनक्समध्ये लगेच चालतात, काही जुने लेझर प्रिंटर फार त्रास देतात. बसवण्याआधी लाइव्ह यूएसबीवर प्रिंट काढून पाहिलेली बरी.

*निवडीची यादीच गायब होते.* विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर संगणक थेट विंडोजमध्ये जातो किंवा लिनक्स सुरूच होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट यंत्रांवर असेच झाले होते. लिनक्सचा भाग आणि त्यातल्या फाइल जागेवरच असतात. फक्त दारावरची पाटी हललेली असते. तरीही ती परत लावणारा माणूस लागतो. तो शाळेत नसेल तर यंत्र महिनोन्‌महिने तसेच राहते.

सर्वात मोठा गैरसमज

‘लिनक्स बसवले, आता संगणक सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. लिनक्समध्ये काम करत असताना लिनक्सची अपडेट उपयोगी पडतात. त्याच यंत्रावर विंडोज १० सुरू केले की धोका पूर्वीइतकाच. म्हणून कामाची विभागणी सरळ करावी: इंटरनेटची सगळी कामे लिनक्सवर आणि जुन्या सॉफ्टवेअरची कामे विंडोजवर, तीही इंटरनेट तोडून. विंडोजमध्ये वायफायचा पासवर्डच टाकून ठेवला नाही, तर हा नियम आपोआप पाळला जातो. पेन ड्राइव्हवर मात्र नजर ठेवावी लागते, कारण जाळ्याबाहेरच्या यंत्रात व्हायरस शिरतो तो बहुधा तिथूनच.

बसवायचे ठरले तर क्रम काय?

१. आधी एकच यंत्र निवडा, तेही कक्षातले. कार्यालयाच्या संगणकावर पहिला प्रयोग नको.

२. सगळ्या महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडतात का, ते पाहा. पार्टिशन करताना एक चुकीची क्लिक वर्षाचे निकाल पुसू शकते.

३. डिस्कवर ‘बिटलॉकर’चे कुलूप आहे का, तपासा. असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली लिहून ठेवा. नाहीतर बूटची मांडणी बदलल्यावर विंडोज तीच किल्ली मागते आणि ती कोणाकडेच नसते.

४. यंत्राला झेपेल अशी लिनक्स आवृत्ती घ्या. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी असेल तर काम बरे चालते. जुन्या यंत्रांसाठी तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सोयीची. उबुंटूची ‘एलटीएस’ आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. शाळेने अशी दीर्घ आधाराचीच आवृत्ती घ्यावी.

५. विंडोज आधी, लिनक्स नंतर. उलटे केले तर विंडोज बूटची जागा स्वतःकडे घेते. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, म्हणजे दोन्ही बायोस किंवा दोन्ही यूईएफआय पद्धतीने बसवा.

६. मुलांच्या फाइलींसाठी तिसरा, सामाईक भाग ठेवा. विंडोजला लिनक्सची डिस्क सहजपणे वाचता येत नाही. लिनक्सला विंडोजची वाचता येते. म्हणून सामाईक भाग विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा असावा. दोन्ही सत्रांच्या शिक्षकांकडे किल्ली असलेले हे कपाट.

७. महिनाभर ते एक यंत्र वापरा. तक्रारी वहीत लिहा. मगच उरलेल्या यंत्रांना हात लावा.

खर्च किती?

लिनक्ससाठी परवाना शुल्क नाही. सुरुवातीला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. खर्च करायचाच असेल तर तो जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकण्यावर करावा. पाच मिनिटांत उघडणारे यंत्र त्यानंतर मिनिटभरात उघडू शकते, मग प्रणाली कोणतीही असो. चाळीस मिनिटांच्या तासात ती चार मिनिटे मोलाची असतात.

हिशेबात न येणारा खर्च माणसाच्या वेळेचा आहे. केंद्राच्या आयसीटी योजनेत अनेक ठिकाणी संगणक कक्ष ‘बूट’ तत्त्वावर उभे राहिले: कंपनीने उभारायचे, चालवायचे आणि करार संपल्यावर शाळेकडे सोपवायचे. करार संपला की कंपनीचा प्रशिक्षक जातो, यंत्रे शाळेची होतात आणि दुरुस्तीही शाळेच्याच गळ्यात पडते. अशा कक्षात दुसरी प्रणाली आणणे म्हणजे सांभाळायला आणखी एक गोष्ट. ती सांभाळणारे एक नाव ठरलेले हवे. ते गणिताच्या शिक्षकांचे असेल, गावातल्या इंजिनीअर झालेल्या माजी विद्यार्थ्याचे असेल किंवा नववीतल्या दोन चुणचुणीत मुलींचे असेल.

मग करावे की नाही?

यंत्र विंडोज ११ साठी पात्र असेल आणि शाळेला विंडोजच हवे असेल, तर अपग्रेड करणे हा सरळ मार्ग. यंत्र फारच जुने, ३२-बिट किंवा १ जीबी रॅमचे असेल, तर दोन प्रणालींचा खटाटोप करू नये. नव्या लिनक्स आवृत्त्याही तिथे अडखळतात. या दोन टोकांच्या मधे असलेल्या, म्हणजे ४ जीबी रॅमच्या, चालत्या पण विंडोज ११ ने नाकारलेल्या यंत्रांसाठी ड्युअल बूट उपयोगाचे आहे.

मात्र बसवण्याच्या दिवशीच दोन गोष्टी लिहून कक्षाच्या दारावर लावाव्यात. पहिली, कोणते काम कोणत्या प्रणालीत करायचे याची यादी. दुसरी, आठवड्यातले लिनक्सचे ठरलेले तास. सोमवारी सातवीचा तास लिनक्सवर, गुरुवारी आठवीचा. चाचणीतले काही गुणही त्याच कामावर ठेवावेत. केरळमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झाले आणि तिथले लिनक्स टिकले.

हे दोन कागद दारावर नसतील, तर यादीतली दुसरी ओळ कोणी निवडणार नाही. हार्ड डिस्कचा तो भाग बंद वर्गासारखा पडून राहील आणि मुले पुन्हा आधार संपल्याची सूचना बंद करून पेंट उघडतील.